रिड्यूस, डिक्रीज, डिमिनिश, मिटिगेट: ‘कमी’ नेमके काय झाले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कामानिमित्त इंग्रजीत अहवाल लिहावे लागतात. ‘कमी होणे’ किंवा ‘कमी करणे’ म्हणायचे असले की रिड्यूस, डिक्रीज, लेसन, डिमिनिश, डिक्लाइन, मिटिगेट असे सहा-सात शब्द समोर उभे राहतात आणि शब्दकोशात प्रत्येकापुढे ‘कमी करणे’ एवढेच सापडते. मग फरक ओळखायचा कसा? प्रश्नकर्त्याने वरिष्ठांनी खुणा करून परत पाठवलेली स्वतःची चार वाक्येही दिली आहेत. औषधाने रुग्णाची वेदना ‘डिक्रीज’ केली. कंपनीने खर्च ‘डिक्लाइन’ केला. अपघातांची संख्या ‘मिटिगेट’ करायला हवी. आणि तक्रारी 30 टक्क्यांनी घटल्या हे सांगताना लिहिलेले ‘रिड्यूस्ड टू 30 पर्सेंट’.

मी 22 वर्षे भाषांतर करते आहे. त्यातले बरेचसे वैद्यकीय, कायद्याचे आणि पर्यावरणाचे. या क्रियापदांचे अर्थ पाठ करून फरक कळत नाही, हे मला फार उशिरा उमगले. क्रियापदाशेजारी कोणते नाम बसते ते पाहिले की मात्र लगेच कळतो. मराठी माणसाला ही गोष्ट खरे तर नवीन नाही. पूर ओसरतो, ताप उतरतो, विहीर आटते, ओघ रोडावतो, वारा पडतो, वेदना शमते, राग निवळतो, तब्येत खालावते, दगड झिजतो, वजन घटते. या प्रत्येकात काहीतरी कमीच होते आहे. तरी ‘ताप आटला’ किंवा ‘वजन ओसरले’ असे कुणी म्हणत नाही. कशाला काय लावायचे हे आपल्याला कुणी शिकवले नाही, ते ऐकून ऐकून अंगात मुरले. इंग्रजी आपण शब्दकोशातून शिकलो, म्हणून तिथे ‘कमी’ या एकाच पोत्यात सगळे भरले गेले.

तेव्हा इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठीतला ‘कमी’ बाजूला ठेवा आणि त्या जागी खरे मराठी क्रियापद आणा. ओसरले, उतरले, रोडावले, झिजले, छाटले, सौम्य केले, यांपैकी काय झाले? ते सापडले की इंग्रजी शब्दाचे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी एकच गोष्ट बघायची. ते आपोआप झाले की कुणी केले?

या दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती व्याकरणाची आहे आणि तिच्यात सूट मिळत नाही. मराठीत आपण क्रियापदाचे रूपच बदलतो. घटणे आणि घटवणे, उतरणे आणि उतरवणे, आटणे आणि आटवणे. इंग्रजीत काही क्रियापदे एकाच रूपात दोन्ही कामे करतात. डिक्रीज, लेसन, डिमिनिश, श्रिंक, ड्रॉप ही त्यांपैकी. काही मात्र एकाच बाजूची असतात. ड्विंडल, वेन, सबसाइड या गोष्टी आपोआप होतात, त्या कुणी ‘करत’ नाही. उलट मिटिगेट, अलीव्हिएट, कर्टेल करायला कुणीतरी कर्ता लागतोच.

डिक्लाइन हे ‘कमी होणे’ या अर्थाने आपोआप होणाऱ्यांच्या गटातले आहे. दर डिक्लाइन होतो, प्रकृती डिक्लाइन होते, लोकसंख्या डिक्लाइन होते. पण त्याच्यापुढे कर्म ठेवले की अर्थ पूर्ण पालटतो आणि तो ‘नाकारणे’ होतो. निमंत्रण डिक्लाइन करतात, प्रस्ताव डिक्लाइन करतात. कंपनीने खर्च ‘डिक्लाइन’ केला याचा इंग्रजी वाचकाला लागणारा अर्थ म्हणजे कंपनीने तो खर्च मंजूर केला नाही. दुसऱ्या वाक्यावर खूण का झाली, ते आता लक्षात येईल. तिथे ‘कट’ किंवा ‘रिड्यूस’ हवे होते. खर्चाला कात्री लावली असेल तर कट. मोठ्या निर्दयपणे लावली असेल तर स्लॅश. इकडची तिकडची किनार कापली असेल तर ट्रिम.

रिड्यूसबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्यांत जास्त वापर त्याचा आणि सगळ्यांत जास्त गोंधळही त्याचाच. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘द पेन हॅज रिड्यूस्ड’, ‘द फीवर हॅज रिड्यूस्ड’ असे सर्रास म्हटले जाते आणि समजतेही. इतरत्र ते कानाला अपुरे वाटते, कारण रिड्यूस करणारा कुणीतरी असतो अशी तिथे अपेक्षा असते. औषधाने ताप रिड्यूस केला हे चालते. ताप स्वतःहून उतरला तर तो ‘कम डाउन’ किंवा ‘गो डाउन’ होतो, सूज ‘गो डाउन’ किंवा ‘सबसाइड’ होते. द्रव पदार्थ मंद आचेवर रिड्यूस होतो, तिथे कर्ता नसला तरी चालतो. आपला ‘आटणे’ तिथे चपखल बसतो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मागे नेणे’ असा आहे आणि तो जुना अर्थ काही क्षेत्रांत अजून जिवंत आहे. भाषांतरकार तिथेच ठेचाळतात. हाड मोडल्यावर डॉक्टर फ्रॅक्चर ‘रिड्यूस’ करतात, म्हणजे सरकलेली हाडे मूळ जागी आणून बसवतात. ‘फ्रॅक्चर कमी करण्यात आले’ असे भाषांतर मी स्वतः वाचले आहे. त्या कागदावर पुढे उपचार ठरायचे होते, म्हणून त्या चुकीचे मला अजूनही वाईट वाटते. रसायनशास्त्रात धातुकाच्या ‘रिडक्शन’ने धातू मिळतो. खनिजाला मूळ धातूच्या रूपात परत आणणे अशी ती कल्पना होती, पुढे तिची व्याख्या इलेक्ट्रॉन मिळवण्याशी जोडली गेली. मराठी पाठ्यपुस्तके त्याला क्षपण म्हणतात. गणितात 6/8 हा अपूर्णांक ‘रिड्यूस’ करून 3/4 करतात. किंमत तीळभरही घटत नाही, फक्त अतिसंक्षिप्त रूप मिळते. आणि एखादे शहर ‘रिड्यूस्ड टू रबल’ होते तेव्हा ते कमी झालेले नसते, त्याचा ढिगारा झालेला असतो. रिड्यूसनंतर ‘टू’ आणि त्यापुढे एखादी अवस्था आली की ‘त्या अवस्थेला आणून सोडणे’ असा अर्थ घ्यावा. ‘रिड्यूस्ड टू टिअर्स’ म्हणजे रडकुंडीला आणले.

डिक्रीज त्या मानाने साधा शब्द आहे. तो मोजमापाचा शब्द आहे. संख्या, प्रमाण, तापमान, वेग, दाब, म्हणजे आलेखावर जे काही दाखवता येते ते डिक्रीज होते. त्याच्यात भावना नाही, घाई नाही, चांगले-वाईट नाही. लॅटिनमध्ये ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणे, त्यावरूनच वाढत्या चंद्रकोरीला ‘क्रेसेंट’ म्हणू लागले. पाश्चात्त्य संगीतात आवाज हळूहळू मोठा होतो तो क्रेशेंडो आणि उतरत जातो तो डिक्रेशेंडो. डिक्रीज म्हणजे वाढीची उलटी दिशा, बस एवढेच.

म्हणूनच पहिल्या वाक्यातली वेदना ‘डिक्रीज’ होत नाही. वेदना मोजायची नसते, सोसायची असते. तिच्यासाठी ईज, रिलीव्ह, अलीव्हिएट हे शब्द आहेत. बारकावा असा की डॉक्टर 0 ते 10 अशा पट्टीवर वेदनेला आकडा देतात तेव्हा तो आकडा मात्र डिक्रीज होतो. आकडा डिक्रीज झाला, वेदना ईज झाली. एकाच रुग्णाबद्दल, एकाच ओळीत ही दोन्ही क्रियापदे बरोबर असू शकतात.

अलीव्हिएट हा मला या सगळ्यांतला सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द वाटतो. त्याच्या पोटात लॅटिन ‘लेविस’ आहे, म्हणजे वजनाने हलका. हा ‘लेविस’ आणि संस्कृतातला ‘लघु’ एकाच कुळातले, आणि आपला ‘हलका’ हा त्या ‘लघु’चाच प्राकृतातून आलेला वंशज. म्हणजे दुःख ‘हलके’ करणे हे अलीव्हिएटचे भाषांतर नाही, ते त्याचे सख्खे भावंड आहे. ओझे तेच राहते, पण वाहणाऱ्याला ते पूर्वीइतके जड लागत नाही. म्हणूनच ‘पॉव्हर्टी अलीव्हिएशन’ला ‘गरिबी निर्मूलन’ म्हणणे मला पटत नाही, ते भाषांतर कितीही रुळलेले असले तरी. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे, त्यासाठी इंग्रजीत ‘इरॅडिकेट’ आहे आणि त्याच्याही पोटात ‘मूळ’च आहे. एखादी योजना अलीव्हिएशनचे आश्वासन देते तेव्हा भार हलका करण्याचेच आश्वासन देते. भाषांतरकाराने ते परस्पर वाढवू नये.

कुळाचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन नाती सांगते. सिग्नलची ताकद क्षीण होते किंवा लस बनवताना विषाणू दुबळा करतात, त्याला ‘अटेन्युएट’ म्हणतात. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस अशी जिवंत पण अटेन्युएट केलेल्या विषाणूची असते. त्यातला लॅटिन ‘तेनुइस’ म्हणजे बारीक, पातळ, आणि तो आपल्या ‘तनु’चा भाऊ. चंद्र ‘वेन’ होतो, उत्साह वेन होतो, लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती कालांतराने वेन होते. हा ‘वेन’ आणि संस्कृतातला ‘ऊन’, म्हणजे उणा, हेही एकाच मुळातून फुटलेले. एकोणीस म्हणताना आपण ‘एक उणे वीस’च म्हणत असतो. त्यामुळे ज्याला कळा असतात, जे भरते आणि मग उणावते, त्यालाच वेन लावावे. खर्च वेन होत नाही. प्रभाव, लोकप्रियता, रस या गोष्टी होतात.

मिटिगेटकडे वळते. त्याचे मूळ ‘मितिस’, म्हणजे मऊ, सौम्य. मिटिगेट नेहमी वाईट गोष्टीला लागते आणि त्या गोष्टीची धार बोथट करते. नुकसान, धोका, परिणाम, झळ, शिक्षा, ही त्याची नेहमीची कर्मे. आकड्याला धार नसते, म्हणून अपघातांची ‘संख्या’ मिटिगेट होत नाही. ती रिड्यूस करायची असते. वाहनांच्या वेगावर मर्यादा घातली की अपघात रिड्यूस होतात. सीटबेल्ट लावल्याने मात्र अपघात टळत नाही, झालेल्या अपघातातली इजा सौम्य होते, तिथे मिटिगेट शोभते. तिसऱ्या वाक्यात लिहिणाऱ्याच्या मनात यांपैकी काय होते, ते त्यालाच ठाऊक. संख्या म्हणायची असेल तर ‘रिड्यूस द नंबर’ आणि परिणाम म्हणायचा असेल तर ‘मिटिगेट द इम्पॅक्ट’. एक इशारा देऊन ठेवते. ‘मिटिगेट अगेन्स्ट’ असे कुठे दिसले तर ती चूक आहे. ‘अगेन्स्ट’ बरोबर येणारा शब्द ‘मिलिटेट’ आहे आणि त्याचा अर्थ ‘आड येणे’.

हवामान बदलाच्या क्षेत्रात मिटिगेशनला ठरलेला अर्थ मिळाला आहे. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे किंवा ते शोषणारी जंगलांसारखी साधने वाढवणे म्हणजे मिटिगेशन. जो बदल होणारच आहे त्याच्याशी जुळवून घेणे म्हणजे अ‍ॅडाप्टेशन. समुद्रभिंत बांधणे हे रोजच्या इंग्रजीत पुराचे नुकसान मिटिगेट करणे आहे, पण या क्षेत्राच्या परिभाषेत ते अ‍ॅडाप्टेशनमध्ये मोडते. अहवाल कुठल्या क्षेत्राचा आहे ते पाहूनच हा शब्द घ्यावा.

लेसन आणि डिमिनिश यांच्यातला फरक सूक्ष्म आहे. लेसन साधा, घरगुती आणि हलक्या हाताचा. भार, ताण, परिणाम, शक्यता या मोजता न येणाऱ्या गोष्टींना तो लागतो. माणसे किंवा वस्तू मोजून लेसन करता येत नाहीत, म्हणून कर्मचारी ‘लेसन’ केले असे लिहू नये. उच्चार धड्याच्या ‘लेसन’सारखाच असल्याने स्पेलिंगची चूकही फार होते. डिमिनिशमध्ये मात्र काहीतरी हरवल्याची जाणीव असते. महत्त्व, मान, तेज, क्षमता, मूल्य डिमिनिश होते. इंग्लंडच्या 1957 च्या होमिसाइड अ‍ॅक्टमध्ये ‘डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी’ची तरतूद आली. मनाच्या विकारामुळे आरोपीची जबाबदारी उणावलेली असेल तर खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येतो. तिथे ‘डिक्रीज्ड’ म्हटले असते तर जबाबदारी किलोत मोजल्यासारखी वाटली असती.

अर्थशास्त्रातला ‘डिमिनिशिंग रिटर्न्स’ हा शब्दप्रयोग मी शिकवताना नेहमी घेते, कारण त्यातून एक वेगळीच गोष्ट दिसते. शेतात प्रत्येक जादा मजूर लावला की उत्पादनात पडणारी भर आधीच्या मजुरापेक्षा कमी होत जाते. एकूण उत्पादन मात्र बराच काळ वाढतच असते. म्हणजे इथे घटते आहे ती वाढ. ‘काय’ कमी झाले हे विचारायचे ते यासाठी. पातळी घटली की वेग घटला?

बातम्या अनुवादित करताना या ठिकाणी घसरण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. महागाईचा दर 7 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तर भाव उतरले असे होत नाही. भाव अजूनही चढत आहेत, फक्त चढण्याची गती मंदावली. इंग्रजीत याला ‘डिसइन्फ्लेशन’ म्हणतात. भाव खरोखर उतरू लागले तर ‘डिफ्लेशन’. 2013 साली अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे फेडच्या बाबतीत हीच गोष्ट जगभर अनुभवायला मिळाली. फेड तेव्हा दरमहा 85 अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. ही खरेदी हळूहळू आवरती घेता येईल, असे मे महिन्यात अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी सूचित केले आणि बाजार हादरले. व्याजदर उसळले, आपला रुपयाही घसरला. या उलथापालथीला ‘टेपर टँट्रम’ नाव पडले. टेपर म्हणजे टोकाकडे निमुळते होत जाणे, मेणबत्तीसारखे. फेड रोखे विकणार नव्हती, खरेदीही लगेच थांबवणार नव्हती. प्रत्यक्षात जानेवारी 2014 पासून खरेदी 85 वरून 75 अब्जांवर आली, म्हणजे फेडजवळचा रोख्यांचा साठा तेव्हाही वाढतच होता. ‘टेपर’चे भाषांतर ‘कपात’ असे केले तर हे सगळे हरवते. ‘टप्प्याटप्प्याने आवरती घेणे’ हे लांब असले तरी खरे आहे. डॉक्टर स्टेरॉइडचा डोस टेपर करतात तेव्हाही हाच अर्थ असतो, एकदम न तोडता उतरत्या क्रमाने आणणे.

एकाच घटनेत ही क्रियापदे कशी वाटली जातात, हे बघायचे असेल तर मध्य आशियातल्या अरल समुद्राची गोष्ट घ्या. 1960 मध्ये तो जगातला चौथ्या क्रमांकाचा मोठा जलाशय होता, सुमारे 68,000 चौरस किलोमीटरचा. सोव्हिएत काळात कापसाच्या शेतीसाठी आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवले गेले. आता इंग्रजीत काय म्हणाल? नद्यांचा ओघ रोडावला, म्हणजे ड्विंडल झाला. पाण्याची पातळी खाली गेली, ती फेल (‘फॉल’चा भूतकाळ) किंवा ड्रॉप्ड. समुद्राचे क्षेत्रफळ आक्रसले, ते श्रँक. किनारा मागे हटला, तो रिसीडेड, आणि मुयनाकसारखे मासेमारीचे बंदर कोरड्या वाळूत उरले. मिळणारी मासळी वर्षागणिक घटली, ती डिक्लाइन्ड, आणि शेवटी तो व्यवसाय कोसळला, तिथे कोलॅप्स्ड. सहा क्रियापदे लागली आणि एकाही ठिकाणी दुसरे नीट बसणार नाही. किनारा श्रिंक होत नाही, पातळी ड्विंडल होत नाही. मराठीतही पाहा, आपोआप सहा वेगळे शब्द आले. हिमनद्यांच्या बाबतीतही असेच असते. त्यांचे टोक मागे सरकते ते रिट्रीट, जाडी घटते ते थिन, विस्तार घटतो ते श्रिंक. शास्त्रज्ञ ही तीन मोजमापे वेगवेगळी घेतात, म्हणून भाषांतरात त्यांची सरमिसळ करू नये.

डिप्लीट आणि इरोड या दोघांना एकेक वाक्य पुरेल. डिप्लीटसाठी आधी भरलेला साठा लागतो. त्याच्या मुळाशी ‘भरणे’ आहे, आपल्या ‘पूर्ण’चे नातलग, आणि ओझोनचा थर, भूजल, माशांचे साठे डिप्लीट होतात, वेग किंवा तापमान होत नाही. इरोडच्या मुळाशी ‘कुरतडणे’ आहे, उंदरांच्या वर्गाला ‘रोडंट’ म्हणतात तोच धातू, म्हणून जमीन इरोड होते तसा विश्वासही कणाकणाने इरोड होतो.

हक्कांच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवे. स्वातंत्र्य डिक्रीज होत नाही. ते कर्टेल केले जाते किंवा अब्रिज केले जाते. कर्टेल मुळात शेपूट छाटलेल्या घोड्याच्या नावावरून आलेला शब्द आहे, त्यामुळे त्यात ‘पूर्ण होते ते मध्येच तोडले’ हा भाव आहे. भाषण कर्टेल करतात, दौरा कर्टेल करतात, अधिकार कर्टेल करतात. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती 1791 मध्ये संमत झाली, तिच्यात भाषणस्वातंत्र्य ‘अब्रिज’ करणारा कायदा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, करू नये असे म्हटले आहे. पुस्तकाची अब्रिज्ड आवृत्ती म्हणजे संक्षिप्त आवृत्ती, हे आपल्याला माहीत असते, म्हणून इथे ‘संक्षेप’ लिहिण्याचा मोह होतो. पण कायद्याच्या मराठीत हक्कांचा ‘संकोच’ होतो. हा फार नेमका शब्द आहे, तो वापरात राहायला हवा. शिक्षेचेही तसेच. शिक्षा रिड्यूस करणे हा ढोबळ शब्द झाला. कायदा ‘रिमिट’ आणि ‘कम्यूट’ वेगळे मानतो. शिक्षेचा प्रकार तोच ठेवून तिचा काही भाग माफ करणे म्हणजे रिमिट. प्रकारच बदलून सौम्य शिक्षा देणे, उदाहरणार्थ फाशीऐवजी जन्मठेप, म्हणजे कम्यूट.

शब्दाच्या या निवडीवर किती काही अवलंबून असते, हे 13 नोव्हेंबर 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिसले. कराराच्या मसुद्यात कोळशाच्या विजेबद्दल ‘फेज आउट’ असे होते. शेवटच्या तासांत भारताचे मंत्री भूपेंद्र यादव यांनी ‘फेज डाउन’ अशी दुरुस्ती मांडली, चीनचाही त्याला आग्रह होता, आणि तीच स्वीकारली गेली. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना सभागृहाची क्षमा मागताना भरून आले. आउट म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणे. डाउन म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी करणे, शून्यावर नेण्याचे वचन नाही. त्याच वाक्यात जीवाश्म इंधनांवरच्या अकार्यक्षम अनुदानांसाठी ‘फेज आउट’ कायम राहिले. शिवाय कोळशाच्या आधी ‘अनअबेटेड’ असे विशेषण आहे. अबेट म्हणजे रोजच्या इंग्रजीत ओसरणे, शमणे, जसे वादळ अबेट होते. इथे मात्र ‘अनअबेटेड’ कोळसा म्हणजे निघणारा कार्बन पकडून ठेवण्याची यंत्रणा न लावता वापरलेला कोळसा. हे वाक्य मराठीत ‘कोळशाचा वापर कमी करणे’ एवढ्यावर आणले, तर ज्यावर रात्रभर वाटाघाटी झाल्या तेच गळून पडते.

मिनिमाइजबद्दल एक तक्रार आहे. ‘20 टक्क्यांनी मिनिमाइज केले’ असे लिहू नये. मिनिमाइज म्हणजे शक्य तितके कमी, त्याच्या पुढे आणखी पायरीच नाही. हा शब्द इंग्रजीत रुजवण्याचे श्रेय इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेन्थमला दिले जाते, आणि ‘मॅक्सिमाइज’चेही. त्याला एक दुसरा अर्थही आहे, घडलेली गोष्ट क्षुल्लक म्हणून दाखवणे. अहवालात ‘वी मिनिमाइज्ड द इन्सिडंट’ असे लिहिले तर तुम्ही ती घटना दडपलीत असे वाचले जाईल. परिणाम मिनिमाइज केले, असे लिहा.

वेगाच्या शब्दांची यादी करत नाही, फक्त प्लमेट सांगते, कारण तो अहवालात उगाचच येतो. प्लमेट म्हणजे ओळंबा, गवंड्याच्या दोरीला बांधलेले शिसे. ओळंबा जसा सरळ खाली जातो तशी घसरण झाली असेल तरच तो शब्द घ्यावा. 4 टक्क्यांची घट प्लमेट नसते.

चौथे वाक्य मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्यात क्रियापद बरोबर आहे आणि तरी अर्थ उलटा झाला आहे. ‘बाय’ म्हणजे ‘ने’, ‘टू’ म्हणजे ‘वर’. 500 तक्रारी 30 टक्क्यांनी घटल्या तर 350 उरतात. 30 टक्क्यांवर आल्या तर 150 उरतात. एका शब्दयोगी अव्ययाने 200 तक्रारींचा फरक पडतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका आरोग्यविषयक अहवालात मी ‘टू’चे भाषांतर ‘ने’ असे केले होते. छपाईआधी संपादकांनी ते पकडले. तेव्हापासून मी टक्केवारी कधीच एकटी ठेवत नाही, आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी लिहितेच. टक्के आणि टक्केबिंदू यांचेही असेच आहे. दर 10 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आला तर तो 2 टक्केबिंदूंनी घटला, पण 20 टक्क्यांनी घटला. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि एकाच्या जागी दुसरे वाचणारा फसतो.

त्यामुळे तुमच्या अहवालात ‘कम्प्लेंट्स फेल बाय 30 पर्सेंट, फ्रॉम 500 टू 350’ असे लिहा. ‘रिड्यूस’च वापरायचे असेल तर तक्रारी कुणी घटवल्या, ते वाक्याच्या सुरुवातीला आणा. नव्या कार्यपद्धतीने त्या घटवल्या असतील, तर कर्ता तिला करा आणि ‘टू’च्या जागी ‘बाय’ घाला.